पश्चात्तापी मग्दालीया आणि तिचा चित्रकार ग्वेर्चिनो

मोकळे सोडलेले लांब केस, खांद्यावरून ओघळलेले वस्त्र, वर लागलेले पाणावलेले डोळे, हाताशी क्रूस आणि मनुष्याची कवटी. अशी स्त्रीची आकृती दिसली की ती मग्दालीया मरीयेची, हे पाश्चात्त्य चित्रे पाहण्याची थोडीफार सवय असलेल्या कोणालाही सांगता येते. जुन्या चित्रकार्डांतून आणि सचित्र पवित्र शास्त्रांतून ती आपल्या घरांतही येऊन बसली आहे. सतराव्या शतकातील इटलीत ही आकृती काढली नाही असा चित्रकार विरळा. ज्यांनी ती पुन्हा पुन्हा काढली त्यांत जोव्हान्नी फ्रान्चेस्को बार्बिएरी हे एक मोठे नाव होय. जग त्याला ग्वेर्चिनो या नावाने ओळखते. आपल्या मंडळ्यांत त्याचे चरित्र फारसे सांगितले जात नाही. तो कट्टर रोमन कॅथॉलिक होता, तेव्हा यात नवल नाही. तरी त्याच्या लेखणीतून कागदावर उतरलेल्या त्या पश्चात्तापी स्त्रीचा आपल्या संडे स्कूलमधील शिकवणुकीशी जवळचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईल.

ग्वेर्चिनोचा जन्म सन १५९१ मध्ये उत्तर इटलीतील चेन्तो या लहानशा गावी झाला. हे गाव बोलोन्या आणि फेरारा या दोन शहरांच्या मध्ये, सपाट शेतीच्या मुलखात आहे. घरची परिस्थिती बेताचीच होती. जुने चरित्रकार सांगतात की, तो तान्हा असताना झोपेत कसला तरी मोठा आवाज झाला, मूल दचकून उठले आणि तेव्हापासून त्याच्या डोळ्यात तिरळेपणा आला. इटालियन भाषेत तिरळ्याला ग्वेर्चो म्हणतात, त्यावरून ग्वेर्चिनो. हे टोपणनाव त्याच्या अंगाला असे चिकटले की, पुढे पोप व राजेरजवाडे त्याला याच नावाने ओळखू लागले. ज्याचा सारा धंदा डोळ्यांवर चालायचा त्याच्याच डोळ्यात व्यंग असावे, आणि तरीही पन्नासावर वर्षे त्याने उत्तम काम करावे, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

त्याला मोठा गुरू लाभला नाही. गावातल्याच बेनेदेत्तो जेन्नारी नावाच्या चित्रकाराकडे त्याने उमेदवारी केली. परंतु खरे शिक्षण मिळाले ते एका चित्रापासून. बोलोन्याचा नामांकित चित्रकार लुदोव्हिको कार्राची याने चेन्तोच्या कापुचिन संन्याशांच्या चर्चसाठी पवित्र कुटुंबाचे एक मोठे चित्र काढले होते, तेही सन १५९१ मध्येच, म्हणजे ग्वेर्चिनोच्या जन्मवर्षी. हा मुलगा त्या चित्रासमोर जाऊन उभा राही आणि पाहत राही. पुढे सन १६१७ मध्ये खुद्द लुदोव्हिकोने त्याचे काम पाहिले आणि एका पत्रात त्याची तोंडभरून स्तुती केली. या तरुणापुढे नावाजलेले चित्रकारही थक्क होऊन जातात, असा त्या पत्राचा आशय होता. उतारवयातल्या कलावंताने उगवत्या कलावंताविषयी इतक्या मोकळ्या मनाने लिहावे, हे त्या काळी काय किंवा आज काय, फार वेळा घडत नाही.

सन १६१६ मध्ये ग्वेर्चिनोने आपल्या गावातच चित्रकलेची शाळा काढली. दूरदूरची मुले तेथे येत. मुलांना कित्ता म्हणून डोळे, कान, हात, पाय, चेहरे अशी त्याची रेखाटने सन १६१९ मध्ये ताम्रपटावर कोरून छापण्यात आली. आधी अवयव नीट काढावे, मग माणूस काढावा, अशी ती पद्धत होती.

येथे त्याच्या रेखाटनांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जाणकार लोक त्याच्या मोठमोठ्या चित्रांपेक्षाही या लहान कागदांना अधिक मान देतात. पक्ष्याच्या पिसाची लेखणी, तपकिरी शाई आणि कागद, एवढेच त्याचे साहित्य. शाई मायफळ आणि हिराकस यांची, म्हणजे आपल्याकडील जुन्या दप्तरांना ठाऊक असलेल्याच जातीची. लेखणीने झरझर रेषा काढायच्या, मग त्याच शाईत पाणी घालून ती कुंचल्याने सावलीच्या जागी पसरायची. जेथे उजेड हवा तेथे कागद कोराच ठेवायचा. हे लक्षात घ्या, वाचकहो. त्याच्या शाईच्या रेखाटनात उजेड सहसा काढलेला नसतो, उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. मग्दालीयेचा चेहरा आणि तिचे जोडलेले हात उजळलेले दिसतात, ते तेथे शाईचा स्पर्श झालेला नसतो म्हणून. भोवतीचा काळोख मात्र त्याने आपल्या हाताने घातलेला असतो. कधी तो गेरूसारख्या तांबड्या खडूने काढी, कधी कोळशाने. एखादे मोठे चित्र करायचे झाले की त्याच विषयाचे अनेक कागद तो काढी. एकात मान उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे, तिसऱ्यात हात छातीवर, चौथ्यात कवटीवर. पश्चात्तापी मनुष्य नक्की कसा बसतो, हात कोठे ठेवतो, कोणाकडे पाहतो, याचा शोध तो त्या कागदांवर घेत असे.

सन १६२१ च्या फेब्रुवारीत बोलोन्याचे आर्चबिशप लुदोव्हिसी हे पोप झाले आणि त्यांनी पंधरावा ग्रेगरी हे नाव घेतले. त्यांना ग्वेर्चिनोचे काम आधीपासून माहीत होते. त्यांनी त्याला रोमला बोलावले. तेथे तो जेमतेम दोन वर्षे राहिला, पण त्या दोन वर्षांत त्याने जे केले त्यावर एखाद्याने आयुष्य काढले असते. संत पेत्रोनिल्ला हिच्या दफनाचे त्याचे चित्र सात मीटरहून अधिक उंच आहे. ते संत पेत्राच्या महामंदिरासाठी काढलेले होते. या पोपच्या कारकिर्दीचा आपल्या भागाशीही संबंध येतो. ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांना याच पोपने सन १६२२ मध्ये संत म्हणून घोषित केले, आणि त्याच वर्षी परदेशातील धर्मप्रसारावर देखरेख करणारे रोमचे खातेही स्थापन केले.

याच सन १६२२ मध्ये ग्वेर्चिनोने मग्दालीयेचे आपले सर्वांत प्रसिद्ध चित्र पुरे केले. ते कोणासाठी होते हे कळल्यावाचून त्याचा अर्थ कळत नाही. रोमच्या मुख्य रस्त्यावर मग्दालीयेच्या नावाचे एक चर्च आणि त्याला लागून एक मठ होता. दहावे लिओ पोप यांनी सन १५२० मध्ये तो उभारला होता. वेश्याव्यवसाय सोडून आलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. त्या काळच्या रोममध्ये अशा स्त्रियांची संख्या मोठी होती. मठाला उत्पन्न असावे म्हणून, शहरातील कोणी वेश्या मरण पावली तर तिच्या मालमत्तेचा ठराविक हिस्सा या मठाला द्यावा, असा कायदाही होता. म्हणजे जी बाहेर पडली तिचे पोषण जी बाहेर पडू शकली नाही तिच्या पैशावर होत असे. दयाही होती आणि जाचही होता. आत आलेल्या स्त्रीने एकदा व्रत घेतले की उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा उरत नसे.

आपल्या जवळही असे घर होते. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात पश्चात्तापी स्त्रियांसाठी आश्रयगृह काढले, तेही मग्दालीयेच्याच नावाने. मुख्य वेदीवर मग्दालीया आणि समोर गुडघे टेकलेल्या स्त्रिया, हा देखावा त्या काळच्या कॅथॉलिक जगात ठिकठिकाणी दिसत होता.

ग्वेर्चिनोच्या त्या चित्रात मग्दालीया गुडघे टेकून, हात जोडून खाली पाहत आहे. समोर प्रभूच्या कबरेचा दगड आहे. एक देवदूत तिला वधस्तंभाचे खिळे दाखवत आहे, दुसरा वर आकाशाकडे बोट करीत आहे. रडून आकांत केलेला नाही. भोवती भडक रंग नाहीत. अनेक चित्रकारांनी या विषयाच्या मिषाने उघड्या देहाचे चित्र काढून घेतले, आणि ते विकत घेणाऱ्या श्रीमंतांच्या मनात काय होते ते सांगायला नको. ग्वेर्चिनोच्याही मग्दालीयेचा खांदा उघडा आहे, हे नाकारता येत नाही. तरी त्याची स्त्री पाहणाऱ्याकडे पाहत नाही. तिचे सारे लक्ष त्या खिळ्यांकडे आहे. मठातील स्त्रियांनी रोज उपासनेच्या वेळी तिला पाहिले आणि आपल्यापैकी एक म्हणून ओळखले असेल.

आणि येथेच आपल्याला थांबावे लागते. कारण त्या स्त्रिया जिला आपल्यापैकी एक समजत होत्या, ती मग्दालीया शुभवर्तमानात नाही.

शुभवर्तमान काय सांगते ते प्रत्येक शिक्षकाने एकदा बोट ठेवून वाचावे. लूक ८:२ मध्ये मग्दालीया मरीयेतून सात भुते निघाली होती असे आहे. ती प्रभूबरोबर फिरत असे, आणि ती व तिच्यासारख्या स्त्रिया आपल्या पैशाने प्रभूची व शिष्यांची सेवा करीत. ती वधस्तंभाजवळ उभी होती. पुनरुत्थानाच्या सकाळी ती कबरेकडे गेली, आणि योहान २० प्रमाणे उठलेल्या प्रभूने तिलाच दर्शन देऊन ती वार्ता शिष्यांकडे पाठवली. तिने देहविक्रय केला असा एक शब्दही कोठे नाही. शिमोन परूशाच्या घरी प्रभूचे पाय आसवांनी भिजवणारी पापी स्त्री लूकच्या सातव्या अध्यायात आहे, पण तिचे नाव दिलेले नाही. बेथानीची मरीया, मार्थेची बहीण, ही आणखी वेगळी. या तिघींची एक स्त्री केली ती पहिला ग्रेगरी पोप याने, सन ५९१ मधील एका प्रवचनात. सात भुते म्हणजे सगळी पापे, असा अर्थ त्याने लावला. तेव्हापासून पश्चिमेकडील मंडळीत ती पापी स्त्री म्हणून प्रसिद्ध झाली. पूर्वेकडील मंडळ्यांनी तिघींना वेगळेच मानले. ग्वेर्चिनो जन्मला त्या प्रवचनानंतर बरोबर हजार वर्षांनी. तोपर्यंत त्या प्रवचनावर शंका घेणे म्हणजे धर्मावर शंका घेणे असे होऊन बसले होते. सन १५१७ मध्ये झाक लफेव्र देताप्ल या फ्रेंच पंडिताने या तिघी वेगळ्या आहेत असे लिहिले, तेव्हा पॅरिसच्या धर्मशास्त्र्यांनी सन १५२१ मध्ये त्याचे मत निषिद्ध ठरवले. रोमन कॅथॉलिक मंडळीने आपल्या उपासनेच्या पंचांगात ही सुधारणा केली ती सन १९६९ मध्ये, आणि सन २०१६ मध्ये मग्दालीयेच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांइतका दर्जा दिला. आपण प्रॉटेस्टंटांनी यावर मान उंचावण्याचे कारण नाही. आपल्या शुभवर्तमान सभांतून आणि नाताळ-ईस्टरच्या नाटकांतून मग्दालीया अजूनही वेश्या म्हणूनच उभी राहते.

मग ग्वेर्चिनोचे रेखाटन खोटे म्हणून बाजूला सारायचे काय? मला तसे वाटत नाही. एका बाईवर नसलेला कलंक लादला गेला, हा अन्याय झाला आणि तो मुलांना सांगितलाच पाहिजे. परंतु चित्रकाराने काढलेली स्त्री शुभवर्तमानात आहे, फक्त तिचे नाव वेगळे आहे, किंवा तिला नावच नाही. शिमोनाच्या घरातली ती बाई हीच. शिक्षकाने चित्र दाखवताना लूक ७ उघडावा, आणि मग्दालीयेविषयी सांगताना योहान २० उघडावा. दोघींना दोघींचे मिळेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ही चित्रे एका अर्थी आपल्याविरुद्धच काढली गेली. मार्टिन ल्यूथरने सन १५१७ मध्ये जे ९५ सिद्धांत मांडले त्यांतला पहिलाच पश्चात्तापाविषयी होता. ख्रिस्ती मनुष्याचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असा त्याचा भावार्थ. त्याला उत्तर म्हणून त्रेन्तच्या धर्मपरिषदेने सन १५५१ मध्ये पाळकाजवळ पाप कबूल करण्याचा संस्कार पुन्हा ठामपणे मांडला, आणि त्यानंतर रडणारा पेत्र आणि रडणारी मग्दालीया यांची चित्रे चर्चा-चर्चांतून दिसू लागली. लोकांनी ती पाहावीत आणि पापकबुलीला जावे, हा हेतू होता. गंमत अशी की, ग्वेर्चिनोच्या मग्दालीयेजवळ कबुली ऐकणारा कोणीच नाही. ती, वधस्तंभाचे खिळे आणि देवाचे दूत, एवढेच. त्याने ते मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही, पण ल्यूथरला त्या चित्रात आक्षेपार्ह फारसे सापडले नसते.

पंधरावे ग्रेगरी सन १६२३ च्या जुलैत वारले आणि ग्वेर्चिनो रोम सोडून सरळ चेन्तोला परतला. एवढे नाव झाल्यावर राजधानी सोडून खेड्यात जाणे अनेकांना वेडेपणाचे वाटले असेल. त्याला मात्र आपले गाव, आपली माणसे आणि ठरलेले काम हेच प्रिय होते. त्याने लग्न केले नाही. इंग्लंड आणि फ्रान्स या दोन्ही दरबारांतून त्याला बोलावणी आली, ती त्याने नाकारली. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाला नकार देण्याचे कारण त्याच्या चरित्रकाराने दिले आहे. त्याला पाखंडी लोकांत राहायचे नव्हते, शिवाय तिकडची थंडी सोसवणार नव्हती. ते पाखंडी म्हणजे प्रॉटेस्टंट, म्हणजे आपणच.

चेन्तोतल्या या काळात त्याने मग्दालीयेला उठलेल्या प्रभूचे दर्शन होते तो प्रसंगही काढला, आणि उठलेला ख्रिस्त आपल्या आईला भेटतो असे एक चित्रही काढले. हा दुसरा प्रसंग शास्त्रात नाही. तरी सन १७८६ मध्ये जर्मन कवी ग्योटे चेन्तोला आला तेव्हा याच चित्राने तो भारावून गेला. उधळ्या पुत्राचा दाखला तर ग्वेर्चिनोने अनेकदा रंगवला. सन १६१९ च्या सुमाराचे त्यांतले एक चित्र व्हिएन्नाला आहे. त्यात मिठी, मेजवानी, वासरू काहीच नाही. मुलगा अंगावरचे फाटके वस्त्र काढतो आहे आणि नवे वस्त्र त्याच्यासाठी आणलेले आहे, एवढाच क्षण. शोमरोनी स्त्री विहिरीवर, व्यभिचारात धरलेली स्त्री, रडणारा पेत्र हे विषयही त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. गिऱ्हाइकांना ते हवे होते हे खरे, पण त्याचा हातही तेथे रमलेला दिसतो.

व्यवहारात तो चोख होता. सन १६२९ पासून त्याच्या घरी हिशेबाची वही ठेवलेली असे. ती लिहिण्याचे काम बरीच वर्षे त्याचा धाकटा भाऊ पाओलो आन्तोनिओ करीत असे. तोही चित्रकारच होता, फळे आणि भाजीपाला काढण्यात वाकबगार. ही वही बोलोन्याच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे. कोणी किती पैसे दिले, कोणत्या चित्रासाठी, सारे त्यात आहे. दर आकृतीमागे ठरलेला होता. पूर्ण आकृतीला १०० दुकात, अर्ध्या आकृतीला ५०, नुसत्या मस्तकाला २५. म्हणजे पश्चात्तापी मग्दालीया कमरेपर्यंत हवी असेल तर निम्मे पैसे! आपल्याला हसू येईल, पण यात लबाडी नव्हती. राजा असो की गावचा पाळक, दर बहुधा तोच.

सन १६४२ मध्ये त्या मुलखात लढाईची धामधूम सुरू झाली. त्याच वर्षी बोलोन्याचा प्रमुख चित्रकार ग्विदो रेनी मरण पावला. ग्वेर्चिनो बोलोन्याला जाऊन राहिला आणि त्याची जागा आपोआप याच्याकडे आली. तोवर त्याच्या चित्रांतला गडद काळोख कमी होऊन ती उजळ, शांत व नीटनेटकी झाली होती. काळोखामुळे चेहरे नीट दिसत नाहीत अशी लोकांची तक्रार असे, म्हणून आपण पद्धत बदलली, असे कारण त्याने दिल्याचे एका समकालीन लेखकाने नमूद केले आहे. माझ्या मते या बदलाने चित्रांचे थोडे नुकसानच झाले. रेखाटनांत मात्र तो शेवटपर्यंत पूर्वीचाच राहिला, कारण ती कोणाला विकायची नव्हती.

सन १६४९ मध्ये पाओलो आन्तोनिओ वारला. हिशेबापासून सोबतीपर्यंत ज्याच्यावर सारा भार होता तो माणूस गेल्यावर ग्वेर्चिनोला काही काळ काम सुचेना. पुढे बहीण लुचीया, तिचा नवरा आणि भाचे यांनी त्याचे घर सांभाळले. भाच्यांना त्याने आपली विद्या दिली. वेदीवरील १०६ मोठी चित्रे आणि इतर १४४ चित्रे त्याने पुरी केली, अशी जुन्या चरित्रकाराची गणती आहे. सन १६६६ च्या डिसेंबरची २२ तारीख, नाताळला तीन दिवस उरले असताना, पंचाहत्तर वर्षांचा हा अविवाहित म्हातारा बोलोन्यात मरण पावला. त्याला तेथल्याच सान साल्व्हातोरे चर्चमध्ये पुरले.

रेखाटनांचे गठ्ठे भाच्यांकडे राहिले. त्यांच्यापैकी बेनेदेत्तो पुढे लंडनला गेला आणि पहिल्या चार्ल्सच्या मुलाच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारी चित्रकार झाला. मामाने ज्या देशात पाऊल टाकले नाही तेथे भाच्याने पंधरा वर्षे काढली. आणि आणखी शंभर वर्षांच्या आत, सन १७६० च्या सुमारास, त्या घराण्याजवळची शेकडो रेखाटने तिसऱ्या जॉर्ज राजाच्या ग्रंथपालाने विकत घेतली. ग्वेर्चिनोच्या हातचे सुमारे ४०० कागद विंडसरच्या राजवाड्यात आहेत. इतका मोठा संग्रह इटलीतसुद्धा नाही. त्याच्या काही कागदांवर हिराकशीच्या शाईने कागद खाल्ला आहे. जेथे त्याने सावली दाट घातली तेथे भोके पडली आहेत. जो भाग त्याने कोरा सोडला होता तो तसाच शाबूत आहे.